कारणनिसांची चाळीस पानं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मंडळी. मोजायला बसलं की ती कालचीच निघते, आणि मग सांगायचा हुरूप राहत नाही.

एक नदी होती. नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे एक राज्य. पाणी एकच, बोलीही थोड्याफार फरकानं एकच. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या लेकी इकडे आणलेल्या. आणि तरीही दर वीस-पंचवीस वर्षांनी या दोन राज्यांची लढाई व्हायचीच. माणसं कंटाळत कशी नव्हती, देव जाणे.

अलीकडच्या राज्यात एक रीत होती. कुठल्याशा जुन्या, भल्या राजानं ती घालून दिली होती. कारण लिहिल्याशिवाय लढाई सुरू करायची नाही, अशी ती रीत. कारण आधी लिहून काढायचं, वेशीवर सगळ्यांसमोर वाचायचं, आणि मगच शंख फुंकायचा. त्या भल्या राजाला वाटलं, कारण लिहायची वेळ आली की माणसं विचार करतील, आणि विचार केला की त्यांना लाज वाटेल. बिचारा! भांडायला कारण शोधायचं म्हटलं तर माणसाला कितीसा वेळ लागतो? लिहायला घेतला तो लाकडी फळा होता हातभर. त्यावर मावायची एकच ओळ. म्हणून कारणही एका ओळीतच लिहायची पद्धत पडली, आणि ती ओळ लिहिणाऱ्याचं एक पद होऊन बसलं. त्याला म्हणत कारणनीस.

आपल्या गोष्टीतले कारणनीस आता म्हातारे झाले होते. बावीस वर्षं पदावर होते. पदावर आले त्याच महिन्यात एक मोठी लढाई झाली होती, आणि तिची ओळ त्यांच्याच हातची होती. पुढं चार चकमकी झाल्या. एक चुकार म्हशीपायी, एक फाटलेल्या जाळ्यापायी, बाकीच्या दोन कशापायी ते त्यांना आता आठवतही नव्हतं. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. लोक वेशीवर थांबून अक्षराचं कौतुक करायचे, ओळीचं कुणी काही बोलायचं नाही. त्यांना या कामाचा वीट आला होता. पण दुसरं काही येत नव्हतं, आणि बायको गेल्यापासून घरी बसूनही करमत नव्हतं. म्हणून रोज कचेरीत जायचे, दौत पुसायचे आणि परत यायचे.

आता ही नवी लढाई कशी उभी राहिली ते सांगतो. जरा नीट ऐका, कारण तेव्हाही कुणी नीट ऐकलं नव्हतं.

नदीच्या पात्रात मधोमध मोठं वाळवंट होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दोन्हीकडची माणसं तिथं कलिंगडं, खरबुजं, काकड्या लावायची. मागच्या लढाईत पैलतीर हरलं, तेव्हा तहात एक कलम घातलं गेलं. पैलतीरच्या माणसानं वाळूत पाय ठेवताना जोडे काढायचे आणि डोक्यावर धरून चालायचं. मग तो म्हातारा असो, आजारी असो, बाई असो. वैशाखात ती वाळू कशी तापते, हे अनवाणी चाललेल्यालाच कळतं. बावीस वर्षं ती माणसं अशी चालत होती. बापाला असं चालताना बघतच तिथली मुलं मोठी झाली होती.

त्या वैशाखात पैलतीरची एक बाई कलिंगडांची पाटी डोक्यावर घेऊन वाळूतून निघाली. डोक्यावर पाटी, तर जोडे धरायचे कुठं? तिनं ते पायात घातले. पहाऱ्यावरच्या शिपायानं हटकलं. शिपाई म्हणजे तरी कोण? मिसरूड फुटलेला पोरगा, नेमणुकीला महिनाही झाला नव्हता. नियम म्हणजे नियम, एवढंच त्याला शिकवून पाठवलेलं. शब्दानं शब्द वाढला. त्यानं पाटी ढकलली, कलिंगडं फुटली, बाई पडली. मागून तिचा मुलगा येत होता, त्याच्या हातात कुदळ होती. त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई मेला.

अलीकडच्या राजानं निरोप धाडला, की मारणाऱ्याला आमच्या हवाली करा. एरवी पैलतीरच्या राजानं तो केलाही असता. पण त्याच्या दारासमोर हजार माणसं डोक्यावर जोडे धरून बसली होती. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, नुसती बसली होती. त्या राजाला शत्रूपेक्षा आपल्याच माणसांची धास्ती वाटली. त्यानं नकार कळवला. झालं! इकडच्या लोहारांच्या भट्ट्या पेटल्या. ते ऐकून तिकडच्यांच्या पेटल्या. तिकडच्या पेटल्या म्हणून इकडे आणखी चार भट्ट्या वाढवल्या. कोण कुणाला घाबरून काय करतंय, याचा पत्ताच लागेना.

दरबार भरला. राजा तरुण होता, त्यानं लढाई पाहिली नव्हती. सेनापतींनी एक लढाई आणि दोन चकमकी पाहिल्या होत्या आणि तिन्हींत त्यांचा हुद्दा वाढला होता. ते म्हणाले, ओळ तर तयारच आहे, ‘पैलतीरानं आपला शिपाई मारला.’ कारणनिसांनी फक्त टाक बुडवायचा, उद्या शंख फुंकू.

कारणनीस उभे राहिले. गुडघे कुरकुरले. रीत दाखवून त्यांनी सांगितलं, की कारणनिसानं जागेवर जाऊन चौकशी करावी असं जुन्या राजानं लिहून ठेवलंय. आजवर कुणी गेलं नाही ही गोष्ट वेगळी. त्यांना आठ दिवस हवे होते.

सेनापतींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आठ दिवस सैन्य काय नुसतं बसून खाणार? पण तरुण राजाला मनातून तेवढीच उसंत हवी होती. त्यानं मान डोलावली.

आता खरं काय ते सांगून टाकतो. कारणनिसांना रितीचा पुळका आला नव्हता. त्यांची एकुलती एक लेक, येसू, पैलतीरी दिली होती. मामाच्याच घरी, सख्ख्या मामेभावाला. तिचं गाव अगदी काठावर, नदी ओलांडायच्या उतारासमोर. मागच्या लढाईत सैन्य उतरलं ते त्याच गावात, आणि पहिलं तेच जळालं होतं. याही वेळी पहिलं तेच जळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि फळ्यावर ओळ चढल्याशिवाय शंख वाजत नाही, आणि ती चढवणं त्या राज्यात फक्त एकाच माणसाच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी ते वाळवंट ओलांडायला निघाले. ते अलीकडचे, त्यामुळं पायात जोडे. चालता चालता त्यांना जावयाची आठवण झाली. लग्नानंतर पहिल्या अक्षय्य तृतीयेला जावई येसूला माहेरी पोचवायला आला होता, ऐन दुपारी, डोक्यावर जोडे धरून. कारणनिसांनी स्वतः त्याच्या पायांवर पाणी घातलं होतं. पाय फोडांनी भरले होते.  दुसऱ्या वर्षीही तो आला. तिसऱ्या वर्षापासून त्यानं येणं बंद केलं. बायकोनं विचारलं, जावईबापू का येत नाहीत? तेव्हा कारणनीस म्हणाले होते, कामं असतील.

येसूच्या घरी पोचले तेव्हा जावई अंगणात भाल्याला दांडा बसवत होता. सासऱ्याला बघून तो उठला, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. माणूस चांगलाच होता. मग पुन्हा आपल्या कामाला बसला.

“मामा, मी काही लढाई मागत नाही,” तो खाली बघतच म्हणाला. “पण पोळलेले पाय विसरा, असं मला सांगू नका.”

त्यांनी तसं सांगितलं नाही. 

येसूनं भाकरी वाढली. दोन्ही नातवंडं आजोबांच्या मांडीवर चढून बसली, त्यांना काय ठाऊक काय चाललंय. कारणनिसांनी लेकीला हळूच सुचवलं, की चार दिवस मुलांना घेऊन माहेरी चल. ती म्हणाली, चार दिवस म्हणजे किती वर्षं, आबा? मग तिनं त्यांच्या समोर बसून सरळ विचारलं, की तुम्ही फळ्यावर काय लिहिणार.

“खरं ते लिहीन,” कारणनीस म्हणाले.

येसू हसली नाही, रागावलीही नाही. तिनं त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

संध्याकाळी ते मेहुण्याशी बोलायला बसले. मेहुणा म्हणजे येसूचा मामा, आता तिचा सासरा. मागच्या तहाच्या वेळी पैलतीरच्या बाजूनं जी पाच माणसं बसली होती, त्यांतला तो एक. कारणनिसांनी त्याला विचारलं, की हे जोड्यांचं कलम तहात घातलं कुणी? राजानं? सेनापतीनं? कुणाच्या डोक्यातून हे आलं, ते कळलं तर चौकशीला टोक मिळेल.

मेहुणा त्यांच्याकडे बघतच राहिला.

“थट्टा करता का दाजी?” तो म्हणाला. “तुमच्या वेशीवरचा फळा आणून तंबूत ठेवला होता. तुमची माणसं म्हणाली, लढाई जोड्यांपायी झाली, मग शिक्षाही जोड्यांचीच. फळ्यावर तुमचंच अक्षर होतं.”

 कारणनिसांना ती ओळ शब्दन् शब्द आठवली. ‘पैलतीरानं आपल्या वकिलाला दरबारात जोडे काढायला लावले.’ त्यांची पहिली ओळ. ती लिहिली त्या दिवशी बायकोनं घरी गोडाधोडाचं केलं होतं. नवऱ्याचं अक्षर वेशीवर चढलं म्हणून.

आणि त्या ओळीमागचं जे होतं, तेही सगळं आठवलं. पैलतीरच्या दरबारात त्या दिवशी सारवलेलं होतं. जमीन ओली होती, म्हणून दारातच सगळ्यांना जोडे काढा म्हणत होते. त्यांचा राजासुद्धा अनवाणीच बसला होता. वकिलानं परत येऊन ते अपमान म्हणून सांगितलं, पण ओल्या जमिनीचंही सांगितलं होतं. कारणनिसांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

त्याच्याही मागचं ठाऊक होतं. तीन वर्षं पाऊस नव्हता. राज्याची कोठारं सैन्यासाठी भरलेली आणि रयतेसाठी बंद. वेशीवर भुकेली माणसं जमू लागली होती, आणि एक दिवस ती कोठारावर चालून जाणार हे तेव्हाच्या थोरल्या राजानं ओळखलं होतं. त्यांची नजर दुसरीकडे वळवायची तर नदीपलीकडे वळवण्याइतकं सोपं काही नव्हतं. पैलतीरच्यांनीही वरच्या अंगाला बंधारा घातला होता, कारण त्यांनाही पाणी पुरणार नाही अशी भीती होती. इकडच्या सरदारांचा नदीच्या वळणावरच्या काळ्या जमिनीवर डोळा होता. आणि दोन्हीकडे दहा वर्षं इतकी हत्यारं घडवून ठेवली होती, की ती ठेवायला जागा नव्हती. हे सगळं कारणनिसांना तेव्हा दिसत होतं. पण फळा हातभर होता, राजाला ओळ दुपारपर्यंत हवी होती, आणि पद नवीन होतं. जोड्यांची ओळ छान बसली. ना एक अक्षर जास्त, ना एक कमी.

ते अंगणातून उठले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. आपण एक साधी ओळ लिहिली. ओळीनं कलम झालं, कलमानं पाय पोळले, पोळलेल्या पायांनी बावीस वर्षं राग साठवला, आणि शेवटी एका पोराच्या डोक्यात कुदळ बसली. आता त्या कुदळीची ओळ लिहायची. मग तिचा तह होईल, तहात कुदळीचं काहीतरी कलम निघेल, आणि आपल्या नातवंडांच्या वयाचं कुणीतरी पुढची ओळ लिहील. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेही आलं नाही.

चौथ्या दिवशी ते घरी परतले आणि लिहायला बसले. फळ्यावर नाही, कागदावर. पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर कोठारं. मग बंधारा, मग वळणाची जमीन, हत्यारं, दोन्ही राजांना आपापल्या रयतेची वाटणारी भीती. ओली जमीन लिहिली. स्वतःची ओळ लिहिली, आणि ती कुणी, का आणि किती घाईनं लिहिली तेही लपवलं नाही. मग वाळू, पाय, मुलांनी पाहिलेले बाप. जावयाचे फोडही लिहिले, नाव न घेता. हे सगळं मांडताना कालक्रम सोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आधीचं आधी, नंतरचं नंतर. त्यामुळं पाटीवाली बाई आणि शिपाई आले ते अगदी शेवटी, चाळिसाव्या पानावर. शेवटचं वाक्य होतं, ‘आणि शिपाई मेला.’

आठव्या दिवशी त्यांनी तो गठ्ठा राजापुढं ठेवला. सेनापती मोठ्यानं हसले. म्हणाले, हे कारण आहे की पोथी? राजानंही विचारलं, की यातलं फळ्यावर कोणतं चढवायचं.

“काहीच नाही, महाराज,” कारणनीस म्हणाले. “रीत सांगते, कारण सगळ्यांना वाचून दाखवा. फळ्यावरच लिहा, एका ओळीत लिहा, असं रीत कुठंच सांगत नाही. तो आमचा आळस.”

राजानं रीत मागवून वाचली. खरंच, तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं हुकूम दिला, की उद्या वेशीवर सगळी पानं वाचली जातील, आणि पुरी वाचून होईपर्यंत शंखाला कुणी हात लावायचा नाही. कारणनिसांना बऱ्याच वर्षांनी भूक लागल्यासारखं वाटलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

सकाळी वेशीवर सगळं नगर लोटलं. सैनिक, त्यांच्या बायका, लोहार, कुंभार, सगळे. राजा पारावर बसला. कारणनिसांनी वाचायला सुरुवात केली.

सुरुवातीला माणसं शांत होती. दुष्काळाचं पान आलं तेव्हा एक म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली, तिचे दोन मुलगे तेव्हा गेले होते. कोठारांचं पान आलं तेव्हा मागं कुजबुज झाली, की हो, असंच होतं. ओली जमीन आली तेव्हा काही जण एकमेकांकडे बघायला लागले. आणि कारणनिसांनी स्वतःची चूक वाचली, तीही न थांबता. राजा मन लावून ऐकत होता. खरोखर ऐकत होता. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं लोक सगळं त्याच्या माथी मारतात.

मग ऊन चढलं. वीस पानं झाली होती. उभं राहून पाय दुखायला लागले. कुणाचं दूध उतू जायचं होतं, कुणाची बैलं पाण्यावाचून उभी होती. मागून आवाज आला, अहो, पुढं चला की. कुणी म्हणालं, हे तर पैलतीरच्यांचीच बाजू घेतायत. दुसरा म्हणाला, घेणारच, लेक तिकडे दिलीये ना! कारणनिसांनी ते ऐकलं आणि भरभर वाचायला लागले. भरभर वाचलं तर कळेना, आणि कळेना म्हणून लोक आणखी चुळबुळायला लागले.

छत्तिसावं पान चालू असताना गर्दीतून एक माणूस पुढं आला. उंच, वाळलेला, डोक्याला मुंडासं नाही. तो मेलेल्या शिपायाचा बाप होता. सगळ्यांनी त्याला वाट दिली.

“माझा मुलगा गेला,” तो म्हणाला. “सकाळपासून मी उभा आहे. पाऊस ऐकला, कोठारं ऐकली, त्यांच्या पायांचे फोड ऐकले. माझा मुलगा कुठल्या पानावर आहे?”

“आहे, आहे,” कारणनीस गडबडले. “चाळिसाव्या पानावर आहे. शेवटी येतो.”

“शेवटी?”

एवढंच तो म्हणाला. ओरडला नाही. त्या बापाचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. कारणनिसांनी बाकी सगळ्यांचं दुःख आधी मांडलं होतं आणि त्याचं तेवढं कालक्रमाच्या रांगेत उभं केलं होतं. हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. त्यांनी पान खाली ठेवलं आणि त्या माणसाकडे जायला निघाले, त्याचा हात धरायला. पण गर्दी मध्ये घुसली होती. कुणीतरी गठ्ठ्यातलं शेवटचं पान ओढलं, आणि त्यावरचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं.

“आणि शिपाई मेला!”

ते वाक्य सगळ्यांना कळलं. एका दमात म्हणता येत होतं. इकडून तिकडून लोक तेच म्हणायला लागले. बाकीची पानं पायाखाली गेली. राजा उठला, त्यानं हात वर केला. पण समोर हजारो माणसं होती, आणि त्याला त्यांची भीती वाटली. वर केलेला हात त्यानं खाली आणला. खाली येणारा हात म्हणजे इशारा, असं सेनापतींनी धरलं, आणि शंख वाजला.

पुढची लढाई मी सांगत नाही. सगळ्या लढाया सारख्याच असतात, सांगणाराच दमतो. दोन वर्षं चालली. येसूचं गाव पहिल्याच दिवशी जळालं. पुढच्या महिन्यात अलीकडची चार गावं जळाली. सेनापती गेले, शिपायाचा बापही गेला. तो हातात भाला घेऊन सगळ्यांच्या पुढं होता. शेवटी दोन्हीकडे धान्य संपलं, तेव्हा दोन्हीकडच्यांनी आपण जिंकलो असं सांगून लढाई थांबवली. वाळवंटात तहाचा तंबू पडला. अलीकडच्यांनी आपला फळा तिथं नेला. त्यावर कुणीतरी नव्या, उभट अक्षरात लिहिलं होतं, ‘शिपाई मेला.’ माणसं तो फळा समोर ठेवून कलमं ठरवायला बसली.

कारणनिसांनी पद केव्हाच सोडलं होतं. रस्ता मोकळा झाला तसे ते नदी ओलांडून गेले. तीन दिवस शोधल्यावर वरच्या अंगाच्या एका गावात, गुरांच्या गोठ्यात येसू सापडली. दोन्ही मुलं जिवंत होती. नवरा नव्हता.

तिनं बापाला बसायला जागा करून दिली.  मग तिनं विचारलं, की हे सगळं झालं कशापायी, आबा? मुलं विचारतात, त्यांना काय सांगू?

कारणनिसांनी सांगायला सुरुवात केली. पानं नव्हती, पण त्यांना सगळं पाठ होतं. पाऊस, कोठारं, बंधारा, ओली जमीन, स्वतःची ओळ, वाळू, पाटीवाली बाई, शिपाई आणि त्याचा बाप. येसू मध्ये एकदाही बोलली नाही. तिनं सगळं ऐकलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणारं ते पहिलंच माणूस होतं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “आबा, हे तुम्हाला मागच्या लढाईच्या वेळीच ठाऊक होतं?”

“बहुतेक सगळं ठाऊक होतं.”

“मग तेव्हा का नाही लिहिलंत? तेव्हा ऐकलं असतं की लोकांनी. तेव्हा अजून कुणी कुणाला मारलं नव्हतं.”

कारणनिसांनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्टीचं कारण लिहिलं होतं. याचं त्यांना एकही कारण देता येईना. त्यांनी लेकीपुढं मान खाली घातली, आणि येसू उठली. तिला मुलांना जेवायला घालायचं होतं.

लहानथोर मंडळींनो, बोध एवढाच: लढाईचं निमित्त लिहून जो तिचं कारण झाकतो, तो पुढच्या लढाईचं कारण आपल्याच हातानं लिहून ठेवतो.